क्रूगरमध्ये प्राणी-पक्षी कसे शोधावेत

दक्षिण आफ्रिकेतील क्रूगर राष्ट्रीय उद्यान जवळजवळ २०,००० चौरस किलोमीटरवर पसरलेले असून तेथे स्वतः गाडी चालवत हिंडता येते. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात. डांबरी रस्त्यावर वेगमर्यादा ताशी ५० किलोमीटर असली, तरी प्राणी पाहायचे असतील तर त्याच्या निम्म्या वेगानेच जावे. पहाटे मुक्कामाच्या कॅम्पचे फाटक उघडताच बाहेर पडावे, कारण ऊन चढले की सिंह सावलीत आडवे होतात आणि गवतातून फार तर माशा उडवणारा एखादा कान दिसतो. मे ते सप्टेंबर या कोरड्या काळात गवत विरळ असते आणि पाणवठ्यांवर वर्दळ वाढते. पक्ष्यांसाठी मात्र स्थलांतरित पक्षी आलेले असतात तो नोव्हेंबरनंतरचा पावसाळाच उत्तम.

शिकारी प्राणी थेट शोधत बसण्यापेक्षा, ज्यांनी तो आधीच पाहिला आहे त्यांच्याकडे लक्ष द्यावे. इंपाला हरणांचा कळप चरायचे सोडून एकाच दिशेला तोंड करून उभा असेल आणि मध्येच एखादा नर जोराने फुरफुरत असेल, तर इंजिन बंद करून त्या दिशेची झुडपे दुर्बिणीने सावकाश तपासावीत. उंचीमुळे जिराफाची नजर तर आणखी भरवशाची. गिधाडे आकाशात घिरट्या न घालता झाडांवर ताटकळत बसली असतील, तर पुष्कळदा खाली शिकारीचा मूळ मालक अजून जेवत असतो. बिबट्यासाठी नदीकाठच्या मोठ्या झाडांच्या आडव्या फांद्या न्याहाळाव्यात. तेथे अंगावरच्या ठिपक्यांआधी लोंबणारी शेपटी दिसते. उंच गवतातून लाल चोचीचे ऑक्सपेकर पक्षी उडाले, तर ज्यांच्या अंगावरच्या गोचिडी ते टिपतात असा रानरेडा किंवा गेंडा जवळच असण्याचा संभव असतो.

पक्षी ओळखताना रंगापेक्षा ठेवण पाहावी. बॅटलर गरुडाची शेपटी इतकी आखूड असते, की उडताना तो बिनशेपटीचाच वाटतो. आपल्या माळढोकाचा भाऊबंद असलेला कोरी बस्टर्ड मोकळ्या गवताळ भागात संथ पावले टाकत हिंडतो. जमिनीवरून टोळीने फिरणाऱ्या काळ्या धनेशांचा खोल हुंकार पहाटे दूरवरून ऐकू येतो, म्हणून काचा खाली ठेवाव्यात.

सिंह दिसल्याची खबर ऐकून चाळीस किलोमीटर धावणे मला व्यर्थ वाटते. त्यापेक्षा लोअर साबी या मुक्कामाच्या कॅम्पजवळच्या सनसेट डॅमच्या काठाशी गाडीतच तासभर थांबावे. पाणघोडे, मगरी आणि करकोचे तेथे जवळून दिसतात, आणि आपल्याकडचाच कवड्या खंड्या पाण्यावर फडफडत एका जागी तरंगतो.

अंधार पडल्यावर स्वतःची गाडी चालवण्यास मनाई असल्याने बुशबेबी (मोठ्या डोळ्यांचा चिमुकला वानरवर्गीय प्राणी), जेनेट (उदमांजरासारखा ठिपकेदार प्राणी) यांसारख्या निशाचरांसाठी उद्यानाच्या रात्रफेरीत जागा आगाऊ राखून ठेवावी. गाडी उघडी असते, त्यामुळे जून-जुलैत, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, जाड स्वेटर आणि कानटोपी सोबत हवीच.