पीक, व्हेट, इन्ट्रीग: बँक परीक्षेतले कुतूहलाचे शब्द

बँकेच्या परीक्षेची तयारी सुरू केली की कुणीतरी इंग्रजी शब्दांची भलीमोठी पीडीएफ पाठवतंच. तिच्यात पीक, व्हेट, अराउझ, इन्ट्रीग, टॅन्टलाइझ या सगळ्यांपुढे एकच अर्थ: उत्सुकता वाढवणे. माझा तर अशा याद्यांवरचा विश्वासच उडाला. क्लोझ टेस्टच्या, म्हणजे उताऱ्यातल्या गाळलेल्या जागा भरायच्या प्रश्नाच्या, पर्यायांत यातले दोन-तीन शब्द शेजारीशेजारी बसलेले असतात आणि चुकलं की पाव गुण कापला जातो. तिथे नुसत्या अर्थाने भागत नाही, कोणता शब्द कुणाबरोबर नांदतो ते ठाऊक हवं.

'पीक' घ्या. मूळ फ्रेंच, अर्थ टोचणे. इंटरेस्ट आणि क्युरिऑसिटी ही त्याची नेहमीची सोबत. पण 'इन अ फिट ऑफ पीक' आलं की कुतूहलाचा संबंध संपला. तिथे माणूस अपमानाने फणफणलेला असतो. टोचणं तेच, लागलं दुसरीकडे. शिखराचा पीक आणि डोकावण्याचा पीक उच्चाराला अगदी असेच, त्यामुळे जन्माने इंग्रजी बोलणारेही स्पेलिंगला सर्रास घसरतात. आपला पीक शेवटी क्यू-यू-ई घेतो.

'व्हेट' म्हणजे पात्याला धार लावणे. मराठीत भूक चाळवते तशी उत्सुकताही चाळवते. व्हेटची जोडी मात्र बहुधा अॅपेटाइटशी. स्पेलिंगमधला एच गाळलात तर उरतो ओलं करणारा 'वेट', मग भूक ओली होईल!

'अराउझ'ला कुतूहल चालतं तसा संशयही चालतो. 'टॅन्टलाइझ'मागे ग्रीक पुराणातला टॅन्टलस आहे: गळ्यापर्यंत पाण्यात उभा, पण प्यायला वाकला की पाणी ओसरतं, डोक्यावरच्या फळांना हात घातला की फांद्या दूर जातात. म्हणून यात आमिष दिसतं, हाती लागत नाही.

इन्ट्रीगचं क्रियापद कुतूहलाचं, नाम मात्र कारस्थानाचं. उताऱ्यात 'पॅलेस इन्ट्रीग' दिसलं तर दरबारी डावपेच समजा.

वहीत सुटा शब्द लिहूच नका. अग्रलेख वाचताना आजूबाजूच्या दोन-तीन शब्दांसकट तुकडा उचला, शब्दयोगीसह: 'इन्ट्रीग्ड बाय', 'क्युरिअस अबाउट'. चूक ओळखण्याच्या प्रश्नात नेमकं हे शेपूटच बदललेलं असतं. आणि क्युरिअसपुढे माणूस आहे की घटना तेही टिपा: 'क्युरिअस चाइल्ड' म्हणजे बहुधा चौकस पोर, 'क्युरिअस इन्सिडन्ट' म्हणजे चमत्कारिक प्रसंग.