अंदमानात स्नॉर्कलिंग: भरती-ओहोटीची वेळ आधी पाहा

अंदमानातील शहीद द्वीप, म्हणजे पूर्वीचे नील बेट, येथे स्नॉर्कलिंगसाठी (नळीने श्वास घेत पाण्यावर तरंगत समुद्रतळ पाहण्यासाठी) जानेवारी ते एप्रिल हा काळ चांगला, कारण तेव्हा समुद्र बहुधा शांत असतो; मात्र वेळ ठरवताना भरती-ओहोटीचे वेळापत्रक आवर्जून पाहावे, कारण ऐन ओहोटीला तेथील खडकाळ किनाऱ्यांवर पाणी इतके उथळ होते की पोहणाऱ्याचे गुडघे प्रवाळाला घासतात आणि वर्षानुवर्षे वाढलेली फांदी क्षणात मोडते. डोळे व नाक झाकणारा भाड्याचा मास्क पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास आत ओढावा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला तरच घ्यावा. मिशांमुळे फट राहून आत पाणी शिरू शकते, म्हणून मिशा असलेल्यांनी तर ही चाचणी मुळीच टाळू नये. उन्हाने पाठ भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा टी-शर्ट घालावा.