मंडळीच्या घटनेतला नियम बदलायचा असेल तर काय काय करावं लागते

जय ख्रिस्त. गावातल्या मंडळीत कोणी म्हटलं का हा नियम बदलायला पाहिजे तर सगळे हो म्हणतात, पण पुढे काही होत नाही, कारण वरच्या सभेत नेमके कोणते शब्द न्यायचे हे कोणी कागदावर लिहिलेलंच नसते. म्हणून आधी घटनेचं पुस्तक उघडा अन कलमाचा नंबर शोधा.

प्रेसबिटेरियन पद्धत, म्हणजे पाळक अन मंडळीतून निवडलेले वडील (एल्डर) यांच्या सभांनी चर्च चालवायची पद्धत, आपल्याकडे नवी नाही, स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचेच होते. पुढे २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) स्थापन झालं अन त्या परंपरेतल्या बऱ्याच मंडळ्या त्यात गेल्या, तिथे बिशप अन डायोसिस (बिशपचा प्रांत) आहे, त्यामुळे सीएनआयवाल्यांनी आपली घटना वेगळी पाहावी. मी लिहितो आहे ते सेशन (एका मंडळीची वडीलसभा), प्रेसबिटरी (एका भागातल्या मंडळ्यांची सभा) अन जनरल असेंब्ली (सगळ्या चर्चची वरची सभा) अशा रचनेबद्दल.

समजा नियम असा आहे का वार्षिक सभा जून महिन्यातच घ्यायची. आता जूनमध्ये आपल्याकडे पेरणीची धावपळ, कोरम (सभेला लागणारी कमीत कमी हजेरी) कुठून होणार? पण "सभेची तारीख सोयीची ठेवावी" असं लिहून पाठवलं तर ते पडणारच, कारण सोयीची म्हणजे कोणाच्या सोयीची हाच वाद होते. असं लिहा: "कलमातील 'जून महिन्यात' हे शब्द काढून 'ईस्टरनंतर, १५ मेपर्यंत' हे शब्द घालावेत." जुने शब्द, नवे शब्द, अन खाली चार ओळीत कारण, बस. हेच शब्द दुसऱ्या कोणत्या कलमात अडकतात का तेही पाहून घ्या, कोरमचं किंवा हिशोब तपासणीचं कलम बहुतेक अडकतेच.

मग सेशनमध्ये ठराव पास करून प्रेसबिटरीकडे पाठवायचा. तिथे पाळकही असतात अन मंडळ्यांचे वडीलही, अन खेड्यातल्या वडिलाचं मत शहरातल्या पाळकाच्या मताएवढंच असते, ही या पद्धतीतली मला सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते, म्हणून आपल्या वडिलांनी मागच्या बाकावर गप्प बसू नये. सभेच्या आधी शेजारच्या मंडळ्यांच्या वडिलांना फोन करा, त्यांची अडचण ऐका, अन पटली तर शब्द बदला.

चर्चेत सूचक आधी बोलतो, अनुमोदक लागतो, बोलायचं ते मॉडरेटरकडे (सभेच्या अध्यक्षाकडे) पाहून, समोरच्या माणसाला उद्देशून नाही. कोणी उपसूचना (ठरावाचे शब्द बदलायची सूचना) आणली तर आधी तिच्यावर मतदान, मग मूळ ठरावावर, अन उपसूचनेलाही दुरुस्ती आली तर सगळ्यात आधी ती. इथेच लोकं गोंधळतात अन कशावर हात वर केला हेच समजत नाही, म्हणून मतदानाआधी क्लार्कला (सभेची नोंद ठेवणाऱ्याला) पूर्ण वाक्य वाचून दाखवायला सांगा, लाजू नका. उपसूचनेने मूळ मुद्दाच मरत असेल तर तेव्हाच बोला.

प्रेसबिटरीने मान्य केला तर ठराव पुढे जनरल असेंब्लीत जाते, पण तिथे पास झालं म्हणजे नियम बदलला असं समजू नका. स्कॉटलंडच्या चर्चने १६९७ मध्ये बॅरियर अॅक्ट केला, कारण एका सभेने घाईघाईत कायमचा कायदा करू नये, आधी तो खाली प्रेसबिटऱ्यांकडे जावा अन बहुतेकांची संमती यावी. अमेरिकेच्या पीसीयूएसए या प्रेसबिटेरियन चर्चमध्ये कारभाराच्या नियमाला प्रेसबिटऱ्यांचं साधं बहुमत चालते, विश्वासाच्या कबुलीजबाबाला दोन तृतीयांश लागते. पीसीए या तिथल्याच दुसऱ्या प्रेसबिटेरियन चर्चमध्ये तर कारभाराच्या नियमालाच दोन तृतीयांश प्रेसबिटऱ्या अन वरून पुढच्या असेंब्लीत पुन्हा मतदान. आपल्या चर्चमध्ये किती लागते ते दुरुस्तीच्या कलमात असते, तेच आधी वाचा.

ठराव पडला तर विरोधात बोललेल्यांची कारणं लिहून ठेवा. पीसीयूएसएमध्येच पाळक अन वडिलांच्या दीक्षेच्या अटीतला बदल २००९ मध्ये प्रेसबिटऱ्यांनी फेटाळला अन २०११ मध्ये वेगळ्या शब्दात मंजूर केला. त्या बदलाबद्दल मतं काहीही असोत, शब्द नव्याने लिहून परत आणता येते हे पाहा. अन पास झाला तर कधीपासून लागू ते मिनिटबुकात आलं का बघा, नवीन कलमाची प्रत प्रत्येक मंडळीच्या पुस्तकात चिकटवून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी कोणीतरी जुनं पुस्तक उघडून जूनचीच सभा लावते.