डोंगरातील बलून सफर: नागपूरहून निघण्यापूर्वी काय जाणून घ्यावे

डिसेंबरच्या पहाटे नागपूरच्या वेशीबाहेर कोणी शेकोटी पेटवली, तर तिचा धूर सरळ आकाशात न जाता झाडांच्या शेंड्यांच्या थोडा वर थबकतो आणि तिथेच आडवा पसरतो, हे आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. जमिनीलगतची हवा रात्रभरात गार आणि जड झालेली असते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा बसलेला असतो. डोंगरातील बलून सफर बहुतांशी या झाकणाखालच्या शांत हवेच्या भरवशावर चालते. ही एक गोष्ट नीट समजली, तर पहाटे चारला का उठवतात, आकाश निरभ्र दिसत असूनही उड्डाण का रद्द होते आणि उतरण्याची जागा आधी का सांगता येत नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात.

डोंगरात हा प्रकार सपाटीपेक्षा अधिक तीव्र असतो. रात्री उतार थंड होतात, त्यांना लागून असलेली गार हवा पाण्यासारखी ओघळत दरीत उतरते आणि तिथे साचते. सूर्य वर आला की उलटा प्रवास सुरू होतो. तापलेल्या उतारांवरून हवा वर चढू लागते, दरीतून वारा वाहू लागतो आणि बलूनला हेलकावे देणारे उष्ण प्रवाह तयार होतात. म्हणून उन्हाळ्यात सूर्योदयाच्या आसपासचे दोन-अडीच तासच कामाचे असतात. आल्प्समध्ये मात्र हिवाळ्यात बर्फामुळे उतार लवकर तापत नाहीत, त्यामुळे तिथे सकाळी उशिरापर्यंत, कधी दुपारीही उड्डाणे होतात.

कुठे जायचे हे ठरवताना पहिला प्रश्न विचारावा तो दोराचा. पर्यटनस्थळांवर 'बलून राईड' म्हणून जे मिळते, ते अनेकदा दोरखंडांनी जमिनीला बांधलेले बलून असते. ते काही मीटर वर जाते आणि थोड्या मिनिटांत खाली येते. मनालीजवळच्या सोलंग खोऱ्यात पर्यटकांना असाच अनुभव मिळत आला आहे. लहान मुलांना तो पुरेसा आनंद देतो, परंतु ज्याला दरीवरून तरंगत जायचे आहे त्याने मुक्त उड्डाणच मागावे आणि पैसे भरण्यापूर्वी तसे लिहून घ्यावे. तुर्कस्तानातील कॅपाडोशियाला आता पुष्कळ मराठी मंडळी जातात. ते खरे म्हणजे घळींनी चिरलेले पठार आहे आणि पहिल्या उड्डाणासाठी मला ते उत्तम वाटते. खऱ्या पर्वतांतील बलूनचे माहेरघर म्हणजे स्वित्झर्लंडमधील शातो-दे हे गाव. बर्ट्रांड पिकार आणि ब्रायन जोन्स यांनी १ मार्च १९९९ रोजी याच गावातून उड्डाण करून, हेलियम आणि उष्ण हवा अशा दुहेरी बलूनमधून, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली होती.

भारतात बलून हे कायद्याने विमानच मानले जाते आणि ते नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या अखत्यारीत येते. म्हणून नोंदणी, पायलटचा परवाना, प्रवाशांचा विमा आणि उड्डाण रद्द झाल्यास पैसे परत मिळण्याची अट, या चारही गोष्टी नि:संकोच विचाराव्यात. आपले वजन विचारले जाईल, तेव्हा ते खरे सांगावे. त्यात दोन-चार किलो लपवणे म्हणजे पायलटच्या हिशेबात खोट घालणे होय. हा हिशेब आपल्या नागपूरच्याच उदाहरणाने समजून घेता येईल. बलूनमधील हवा १०० अंशांपर्यंत तापवली, तर मे महिन्यातील ४५ अंशांच्या नागपुरी दुपारी तिचा एक घनमीटर जेमतेम १६० ग्रॅम वजन उचलेल. दोन हजार मीटर उंचीवर, शून्य अंशाच्या पहाटे, तोच घनमीटर सुमारे २७० ग्रॅम उचलतो. म्हणजे ३,००० घनमीटरच्या बलूनसाठी एकीकडे सुमारे ४८० किलो आणि दुसरीकडे ८१० किलो, आणि त्यातच कापड, टोपली, बर्नर, सिलिंडर व पायलट यांचे वजन धरायचे. डोंगरातील विरळ हवा उचलण्याची ताकद साधारण एक पंचमांशाने कमी करते, पण तिथली थंडी ती भरून काढते. ऊन चढू लागले की पायलट घाई का करतो, याचे हे दुसरे कारण.

कपड्यांच्या बाबतीत नागपूरकरांची गफलत ठरलेली असते. आपली दहा-बारा अंशांची थंडी अंगवळणी पडलेली असल्याने एक स्वेटर पुरेल असे वाटते. उड्डाणापूर्वीचा तासभर दरीतील ओल्या, गोठलेल्या गवतावर उभे राहून काढायचा असतो, म्हणून घोट्यापर्यंतचे मजबूत बूट, लोकरी मोजे, हातमोजे आणि एकावर एक घालता-काढता येतील असे कपडे घ्यावेत. वर गेल्यावर मात्र थंडी वाटते तेवढी बोचत नाही, कारण बलून वाऱ्यासोबतच जात असल्याने अंगाला वारा लागत नाही. बर्नरची धग डोक्यावर येते, त्यामुळे टोपी आवश्यक आहे. साडी, ओढणी किंवा लोंबणारा मफलर नको. मोबाईलला मनगटात अडकवायची दोरी असावी.

मैदानावर पोहोचल्यावर पायलट आधी एक छोटा हेलियमचा फुगा सोडतो आणि तो वेगवेगळ्या उंचीवर कोणत्या दिशेला वळतो ते पाहतो. बलूनला सुकाणू नसते; उंची बदलून हवा तो वारा पकडणे एवढेच पायलटच्या हाती असते. जमिनीलगत ताशी सुमारे १८ किलोमीटरपेक्षा जास्त वारा असेल, तर सहसा उड्डाण होत नाही. आल्प्समधील एका दरीत मी सलग दोन पहाटे असाच परतलो आणि तिसऱ्या दिवशी उडालो. खालची हवा निवांत दिसत असूनही कड्यापलीकडे वारा जोरात असेल, तर डोंगराच्या आडोशाला भोवरे तयार होतात आणि ते टोपलीला खाली खेचू शकतात. त्यामुळे नकार देणाऱ्या पायलटशी वाद घालू नये आणि एका सफरीसाठी किमान तीन मोकळ्या सकाळी राखून ठेवाव्यात.

प्रत्यक्ष उड्डाणाची तयारी पाहण्यासारखी असते. मोठ्या पंख्याने गार हवा भरली जाते, जमिनीवर पसरलेले कापड हळूहळू फुगते, मग बर्नरची ज्योत आत सोडली की सारा घुमट उभा राहतो. वेताच्या टोपलीला पाय ठेवायला खाचा असतात. त्यांतून चढून आत उतरायचे. बसायला जागा नसते आणि तासभर उभे राहावे लागते. जमीन सुटल्याचे कळतही नाही. उंचीची भीती असणाऱ्यांनाही इथे अनेकदा भोवळ येत नाही, कारण खाली पाहताना इमारतीच्या भिंतीसारखी जमिनीशी जोडणारी रेघच नसते. बर्नर सुरू असताना बोलणे ऐकू येत नाही आणि तो बंद होताच दरीतील ओढ्याचा, कुत्र्याच्या भुंकण्याचा आवाज स्पष्ट वर येतो. कानात दडे बसले तर आवंढा गिळावा. झाकणाचा थर ओलांडताना गंमत घडते: वर जाताना गार वाटण्याऐवजी गालांना ऊब लागते.

उतरणे हा सफरीचा सर्वांत कष्टाचा भाग आहे आणि त्याची तालीम उड्डाणापूर्वीच मन लावून करावी. पायलटने सांगताच मोबाईल आत ठेवायचा, गुडघे वाकवायचे, पाठ सांगितलेल्या बाजूला टेकवायची आणि टोपलीच्या आतील दोर दोन्ही हातांनी घट्ट धरायचे. टोपली एक-दोनदा आपटेल, थोडी फरफटेल, कदाचित आडवीही होईल. तरीही पायलटच्या आज्ञेशिवाय कोणीही बाहेर पाऊल टाकायचे नाही, कारण एका माणसाचे वजन कमी होताच हलके झालेले बलून इतरांना घेऊन पुन्हा वर उचलले जाते. गर्भवती स्त्रिया, नुकतीच शस्त्रक्रिया झालेले, हाडे ठिसूळ झालेले आणि पाठीचे किंवा गुडघ्याचे दुखणे असलेले लोक यांनी याच धक्क्यांमुळे ही सफर टाळावी. टोपलीच्या काठावरून बाहेर पाहता न येणाऱ्या लहान मुलांनाही नेऊ नये.

त्यानंतर कापडातील हवा दाबून काढण्यात आणि त्याची गुंडाळी पिशवीत कोंबण्यात प्रवाशांचीही मदत घेतली जाते. ती जरूर करावी. बलूनच्या मागावर असलेली गाडी सपाटीवर पंधरा मिनिटांत येते, डोंगरात मात्र समोर दिसणारे शेत घाटरस्त्याने तासाभराचे असू शकते. म्हणून सोबत पाणी आणि थोडे खाणे असावे, आणि त्याच दिवशी दुपारचे नागपूरचे परतीचे तिकीट काढू नये.