पावसात उद्या शाळा आहे का नाही, हे कसं ओळखायचं (सोलापूरच्या पालकांसाठी)

रात्री अकराला ग्रुपवर "उद्या सुट्टी आहे का ओ?" असे पंधरा मेसेज पडतात आणि पक्कं कुणालाच माहिती नसतं, म्हणून आधी हे बघा की सुट्टी देतं कोण. आख्ख्या जिल्ह्याची किंवा ठराविक तालुक्यांची सुट्टी जिल्हाधिकारी जाहीर करतात, आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ खाली. आदेशात साधारण सगळ्या माध्यमांच्या, सगळ्या व्यवस्थापनांच्या शाळा लिहिलेल्या असतात, म्हणजे झेडपी, महापालिका, खासगी, सीबीएसई सगळ्या आल्या. बऱ्याच वेळा सुट्टी फक्त मुलांना असते आणि शिक्षकांना हजर राहायला लागतं, त्यामुळं गेट उघडं दिसलं म्हणून पोराला सोडून येऊ नका.

आदेशाचा फोटो आला की फॉरवर्ड करायच्या आधी तारीख वाचा, मग वार जुळतो का बघा, मग तालुका. मागच्या वर्षीचा आदेश परत फिरतो आणि अर्धा वर्ग घरी बसतो, हे दर पावसाळ्यात होतं. डाउट असेल तर वर्गशिक्षकांना एकच मेसेज टाका, फोनवर फोन नको, त्यांना चाळीस पालक असतात.

रेड किंवा ऑरेंज अलर्ट आला म्हणजे सुट्टी झाली असं नाही, तो हवामान खात्याचा इशारा आहे, सुट्टीचा आदेश वेगळा निघतो. आणि आपल्याकडं एक गोष्ट लई महत्त्वाची, इथं ऊन पडलेलं असताना पण पूर येतो. सीना येते अहिल्यानगरकडून, भीमेला उजनीतून पाणी सोडतात आणि उजनी भरते पुण्याकडच्या पावसानं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेनं माढा, करमाळा, मोहोळकडं काय केलं ते आपण बघितलंय, लांबोटीजवळ पुणे हायवे सुद्धा बंद ठेवावा लागला होता. म्हणून नदीकाठच्या गावातल्यांनी आभाळाकडं बघून ठरवू नका, धरणातून किती क्युसेक सोडलंय ती बातमी बघा. ओढ्यावरून पाणी जात असेल तर आदेश असो नसो, पोराला पाठवू नका, शाळेला कळवा आणि घरी ठेवा. एका दिवसाच्या हजेरीनं काही बिघडत नाही.

खरी अडचण सुट्टीच्या दिवशी नसतेच, ती शाळा मधेच सोडतात तेव्हा असते. आमच्या पोरीची शाळा एकदा दुपारी दीडला सोडली, मेसेज आला दोनला, मी ड्युटीवर आणि रिक्षावाल्या काकांचा फोन बंद. ती गेटच्या आत जिन्याखाली दप्तर पोटाशी धरून उभी होती, मोजे पिळून निघतील इतके ओले. शिपाई मावशींनी तिला बाहेर जाऊ दिलं नाही म्हणून बरं. त्या दिवसानंतर मी जूनमध्येच शाळेला लेखी देते की मी नसले तर कोण न्यायला येणार, दोन नावं, दोन नंबर. पोरीला माझा नंबर पाठ करायला लावलाय, आणि काकांना सांगितलंय की रस्त्यात पाणी असेल तर गाडी घालू नका, परत शाळेत नेऊन सोडा. तुम्ही पण एवढं कराच. एसटीनं येणाऱ्या पोरांसाठी गावातलं एक ओळखीचं घर ठरवून ठेवा, शेवटची गाडी चुकली तर तिथं थांबता येतं.

विजा कडकडत असतील तर घाई करून न्यायला जाऊ नका, पोरं वर्गात सेफ असतात. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास जाऊ द्या, मग निघा. दामिनी अ‍ॅपवर वीज जवळपास आहे का ते दिसतं.

पाऊस आहे म्हणून उशिरा शाळा भरवायची पद्धत आपल्याकडं फारशी नाही, उन्हाळ्यात मात्र उलटं होतं, पारा चाळीसच्या वर गेला की शाळा सकाळची करतात. तेव्हा पण टायमिंगचा कागद नीट वाचा, सुटायची वेळ बदललेली असते आणि रिक्षा जुन्याच वेळेला येते.

बुडालेले दिवस भरून काढतात बरं का, आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं पहिली ते पाचवी २०० आणि सहावी ते आठवी २२० दिवस शाळा भरायला लागते, म्हणून एखाद्या रविवारी शाळा लावली तर शिक्षकांवर चिडू नका. रात्री-अपरात्री खरंच पाणी घरात शिरायला लागलं तर जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ आणि इमर्जन्सीचा ११२, हे दोन नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा, पोरांना दिसतील एवढ्या उंचीवर.