एकट्याने डिसोनंट ब्लॅक मेटल अल्बम करताय? या चुका टाळा

बँडमध्ये रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) फसला तर कुणीतरी तोंडावर सांगतं. एकट्याच्या अल्बमला तसं कुणी नसतं. त्यात डिसोनंट ब्लॅक मेटल, म्हणजे मुद्दाम विसंवादी स्वरांवर उभं केलेलं टोकाचं मेटल, हा प्रकार असा की कुठल्याही दोषाला ‘शैली’ म्हणून सोडून देता येतं. त्यामुळे मुद्दाम आणलेला कर्कशपणा कुठे संपतो आणि नुसता गोंधळ कुठे सुरू होतो, हे आपणच तपासावं लागतं.

बेसूर गिटारला डिसोनन्स समजणं

सा आणि कोमल रे एकत्र वाजले की टोचतात, कारण त्यांच्यातलं अंतर नेमकं असतं. गिटारच उतरलेलं असेल तर ती धार जाते. नव्या तारा लावून बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला स्वर) आणि तिथेच दाबलेला स्वर ताडून पाहा. दाबलेला स्वर चढा असेल तर ब्रिजवरचं सॅडल (तार जिथे टेकते तो तुकडा) नेकपासून लांब सरकवा. रेकॉर्डिंगच्या वेळी प्रत्येक टेकआधी ट्यूनर बघाच.

सगळे विसंवादी स्वर जाड तारांवर

सगळ्यात जास्त रिफ इथे वाया जातात. स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये जाड ई तारेचा सहावा फ्रेट आणि मोकळी ए तार एकत्र वाजवा. दोन स्वरांत जेमतेम साडेसहा हर्ट्झचा फरक आहे, त्यामुळे आवाज नुसता डुलतो. आता बी तारेचा सहावा फ्रेट आणि मोकळी बारीक ई. अंतर तेच, अर्ध्या स्वराचं, पण फरक जवळजवळ २० हर्ट्झ. हा खरखरीत, अंगावर येणारा आवाज आपल्याला हवा असतो. म्हणून मूळ स्वर खाली एकटा ठेवा, तो बेसकडे दिला तरी चालेल, आणि टक्कर वरच्या तारांवर होऊ द्या.

गेनचंही, म्हणजे आवाज किती फाटू द्यायचा याचंही, इथेच बघून घ्या. हा फाटलेपणा, म्हणजे डिस्टॉर्शन, दोन स्वरांच्या बेरजेचे आणि वजाबाकीचे नवे स्वर तयार करतं. पॉवर कॉर्डला (फक्त मूळ स्वर आणि त्याचा पंचम) ते मानवतं, चार स्वरांच्या वाकड्या कॉर्डचा मात्र चिखल होतो. रिफ आधी क्लीन आवाजात ऐका, मग प्रत्येक स्वर वेगळा कळतोय तोवरच गेन वाढवा. भरीवपणा हवा असेल तर तोच भाग दोनदा वाजवून एक टेक डावीकडे, एक उजवीकडे टाका. कॉपी-पेस्टने तो येत नाही.

‘ब्लॅक मेटल कच्चंच असतं’ हे उत्तर इथे लागू पडत नाही. डार्कथ्रोन या नॉर्वेच्या बँडचा १९९४ चा अल्बम ‘ट्रान्सिल्व्हेनियन हंगर’ त्यांच्या ड्रमर फेनरिझने घरच्या चार ट्रॅकच्या यंत्रावर रेकॉर्ड केला, सगळी वाद्यंही त्यानेच वाजवली. तो कच्चेपणा शोभतो, कारण रिफ साधे आणि दीर्घकाळ चालणारे आहेत. गुंतागुंतीच्या रिफवर तेच आवरण चढवलं तर रिफच दिसेनासा होतो.

ड्रम्सला तीन हात

प्रोग्रॅम केलेल्या ड्रम्समध्ये स्नेअर, राइड आणि हाय-हॅटवर काठी एकाच क्षणी पडत असेल तर तिसरा हात कुणाचा? २०० बीपीएमला (मिनिटाला २०० ठोके) सोळाव्या मात्रा, म्हणजे ठोक्याचे चौथे भाग, ७५ मिलिसेकंदांवर येतात. त्या वेगात कुणीच प्रत्येक घाव पूर्ण ताकदीने मारू शकत नाही. ब्लास्ट बीटमधला (ड्रम्सच्या अतिवेगवान, सलग माऱ्यातला) स्नेअर संथ भागातल्यापेक्षा हलका ठेवा, रिफ जिथे नव्याने सुरू होतो तिथे जोर द्या. सातच्या किंवा अकराच्या मात्रांमध्ये ऐकणाऱ्याला सम सापडते ती त्या जोरामुळेच.

रिफ नुसते जोडत जाणं, आणि मेलडी बाहेरून आणणं

बारा रिफ ओळीने लावले की गाणं लांबतं, पण प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एका कल्पनेतून पुढची उलगडत नेणारं, होत नाही. सुरेल भाग तर अनेकदा दुसऱ्याच गाण्यातून आणून चिकटवल्यासारखा वाटतो. उपाय त्याच रिफमध्ये असतो. कॉर्डमधला टक्कर देणारा स्वर काढा आणि सर्वांत वरचे स्वर सलग गुणगुणा. तीच तुमची मेलडी. सुरुवातीला तिला कॉर्डमध्ये लपवून ठेवा, नंतर निम्म्या लयीत उघडी करा. मला या संगीतातली सर्वांत मोठी मजा इथे वाटते: आठ मिनिटं टोचत राहिलेली गोष्ट एकाएकी गाऊ लागते.

मास्टरमध्ये (मिक्सवरच्या शेवटच्या प्रक्रियेत) जीव काढणं

स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगवर सगळ्यांचा आवाज उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) आसपास आणतं. लिमिटरने (आवाजाची शिखरं दाबणाऱ्या साधनाने) चेपून मिळवलेला मोठेपणा तिथे कापलाच जातो, राहतो तो फक्त चेपलेला स्नेअर. शेवटचा मिक्स अगदी हळू आवाजात लावा. त्यातही रिफमधली टक्कर ऐकू येत नसेल तर मास्टरिंगला हात लावू नका. गिटारच्या ट्रॅककडे परत जा आणि आधी गेन उतरवा.