ऑटोमेशनवरचं बुलेटिन कसं लावायचं

आपल्याकडच्या पीसीआरमध्ये, म्हणजे बुलेटिन जिथून चालवतात त्या कंट्रोल रूममध्ये, तयार झालेल्या माणसाला ऑटोमेशनच्या, म्हणजे बुलेटिन सॉफ्टवेअर चालवतं त्या, स्टुडिओत आधी खटकते ती शांतता. आपल्याला सवय ओरडण्याची. "कॅमेरा दोन तयार ठेव, एस्टन काढ, अरे बाईट रोल कर!" (एस्टन म्हणजे पडद्यावरची नावाची पट्टी, बाईट म्हणजे कुणाचं रेकॉर्ड केलेलं बोलणं.) चित्र बदलणाऱ्या स्विचरवर एक, ग्राफिक्सला एक, साउंडला एक, टीपीला म्हणजे अँकरच्या टेलिप्रॉम्प्टरला एक, क्लिप चालवणाऱ्या प्लेआउटला एक आणि या सगळ्यांच्या डोक्यावर बसलेला पॅनल प्रोड्यूसर. मी त्याच खुर्चीत वाढले. आता ऑटोमेशनवर जाणाऱ्या मुलामुलींना शिकवते, आणि पहिल्याच दिवशी सांगते की तुमचं ते सगळं ओरडणं आता बुलेटिनच्या आधी लिहून ठेवायचंय. रनडाऊनमध्ये, म्हणजे बुलेटिनच्या क्रमवार यादीत, जे नाही ते पडद्यावर येणार नाही. जे चुकीचं लिहिलंय ते मात्र अगदी वेळेवर येईल.

यंत्रणा थोडक्यात समजून घ्या. बातम्या आणि रनडाऊन ज्यात लिहितो ते न्यूजरूमचं सॉफ्टवेअर: अॅव्हिडचं आयन्यूज, किंवा असोसिएटेड प्रेसचं ईएनपीएस, जे १९९०च्या दशकात बीबीसीसाठी तयार झालं. त्याच्या पुढे बसतं ऑटोमेशन. नॉर्वेत बर्गनच्या टीव्ही २ मध्ये जन्मलेलं आणि आता व्हिझआरटीकडे असलेलं मोसार्ट, किंवा कॅनडाच्या रॉस कंपनीचं ओव्हरड्राइव्ह. या दोघांमधला निरोप्या म्हणजे मॉस नावाचा प्रोटोकॉल. रनडाऊनमधली एक ओळ 'टेक' झाली, म्हणजे पडद्यावर घेतली, की स्विचर, ऑडिओ मिक्सर, व्हिडिओ सर्व्हर, ग्राफिक्स आणि कॅमेरा अशा सगळ्यांना एकाच वेळी हुकूम जातो. बटण दाबायला एक ऑपरेटर पुरतो. कंपनी कुठलीही असो, तुमचं काम बदलत नाही.

सुरुवात टेम्पलेटपासून, म्हणजे ओळीच्या प्रत्येक प्रकारासाठी आधीच बसवलेल्या साच्यापासून, करा. समजा, पंचगंगेच्या पुराची बातमी आहे. अँकर कॅमेऱ्यावर वीस सेकंद, मग दृश्यांवर अँकरचाच आवाज, मग जिल्हाधिकाऱ्यांचा बाईट, मग घाटावरून रिपोर्टर लाइव्ह. आपल्या जुन्या पद्धतीत ही एक स्टोरी असते आणि बाकीचं पॅनलच्या डोक्यात असतं. इथे तिचे चार तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला त्याचा प्रकार द्या: कॅमेरा, व्हीओ, बाईट, लाइव्ह. प्रकार निवडताना चित्रापेक्षा आवाजाचा विचार जास्त करा, कारण माइक कधी उघडा आणि कधी बंद हे टेम्पलेटच ठरवतं. तयार पॅकेजला, म्हणजे रिपोर्टरच्या आवाजासकट कापून ठेवलेल्या बातमीला, चुकून व्हीओचं टेम्पलेट लावलंत, तर पॅकेज चालू असताना अँकरचा माइक उघडा राहतो. मग तिचं खोकणं, पाणी पिणं आणि "पुढं काय आहे?" हे सगळं महाराष्ट्राला ऐकू जातं. उलटं केलंत तर दृश्यं चालतात, अँकरचे ओठ हलतात आणि घरात टीव्हीचा आवाज वाढवण्यासाठी रिमोट शोधला जातो.

एस्टनची वेळही तिथेच लिहा. बाईट सुरू झाल्यावर दोन-तीन सेकंदांनी नावाची पट्टी येऊ द्या, पाच-सहा सेकंद ठेवा, मग ती आपोआप जाऊ द्या. लाइव्हमध्ये मात्र पट्टी आपोआप काढायला सांगू नका. रिपोर्टर किती बोलणार हे त्यालाही ठाऊक नसतं. ऑटो-टेकचंही तसंच. क्लिप संपली की पुढची ओळ आपोआप घेण्याची ही सोय हेडलाइन्सना उत्तम, पॅकेजनंतरही चालेल, पण जिथे माणूस बोलतोय तिथे बोट माणसाचंच हवं.

आता कॅमेरे. फ्लोअरवर कॅमेरामन नाही हे मनात पक्कं बसायला वेळ लागतो. कॅमेऱ्याचं डोकं मोटरवर फिरतं, काही ठिकाणी पेडेस्टल, म्हणजे कॅमेऱ्याचा स्टँड, जमिनीवरून किंवा रुळांवरून सरकतं आणि ठरवलेले शॉट नंबर देऊन साठवलेले असतात. ओळ प्रिव्ह्यूला आली, म्हणजे पुढची म्हणून तयारीला लागली, की कॅमेरा त्या शॉटकडे निघतो. तो ऑन-एअर नसेल तर कुणाला कळत नाही. पण सलग दोन ओळींना तुम्ही कॅमेरा दोनचेच वेगवेगळे शॉट दिलेत, तर जागा बदलायला त्याला उसंतच मिळत नाही, आणि प्रेक्षकाला अँकरच्या चेहऱ्यावरून टेबलाच्या कडेकडे निघालेली चौकट दिसते. म्हणून रनडाऊन पूर्ण झाला की फक्त कॅमेऱ्याचा रकाना वरपासून खालपर्यंत एकदा वाचा. एक, दोन, एक, तीन असं चालत असेल तर ठीक. दोन-दोन दिसलं की थांबा आणि शॉट तोच आहे का बघा. ही तपासणी मी कुणावर सोपवत नाही. बातमी वाचताना ही चूक दिसत नाही, रकाना वाचताना लगेच दिसते.

वेळेचं गणित मराठीत वेगळं बसतं, हे परदेशी कंपनीचा माणूस तुम्हाला सांगणार नाही. सॉफ्टवेअर शब्द मोजतं आणि अँकरच्या वाचनवेगाने भागून सेकंद काढतं. इंग्रजीत ते बऱ्यापैकी जमतं. आपल्याकडे 'उपमुख्यमंत्र्यांच्यासुद्धा' हा एक शब्द. मशीनला तो 'पण' एवढाच वाटतो. त्यामुळे इंग्रजी वेग तसाच ठेवलात तर बुलेटिन कागदावर बसतं आणि पडद्यावर लांबतं. उपाय सोपा आहे. प्रत्येक अँकरला तिच्याच जुन्या स्क्रिप्टचं एक पान वाचायला लावा, मिनिटाला किती शब्द होतात ते मोजा आणि तिच्या नावापुढे तोच आकडा भरा. राजकारण आणि क्रीडा अशी दोन्ही पानं घ्या. क्रीडा नेहमी वेगाने जातं. आकडे अक्षरात लिहा, नाहीतर '२,४५,०००' हा मशीनच्या लेखी एकच शब्द, आणि वाचताना अँकर अडखळते ते वेगळंच.

टीपीवर सूचना आणि मजकूर वेगळ्या दिसल्या पाहिजेत. 'कॅमेरा दोनकडे वळा' ही सूचना रंग बदलून लिहा, कारण वाचायच्या ओघात असलेला माणूस समोर आलेलं सगळं वाचतो. अमेरिकेतल्या अनेक स्थानिक स्टेशनांमध्ये टीपीचा वेगळा ऑपरेटर नसतो, अँकर पायाखालच्या पेडलने स्वतःच मजकूर सरकवतो. तुमच्याकडे तशी सोय असेल तर पेडलवर आठवडाभर रिकाम्या स्टुडिओत सराव करून घ्या, आणि वाचनाचा वेग आधी बसू द्या, अभिनय नंतर.

आणि कागद. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं तेव्हाचे वृत्तनिवेदक समोरच्या कागदावरून वाचायचे, मान वर करायचे, पुन्हा ओळ पकडायचे. ही कला आता कुणी शिकवत नाही, पण छापील स्क्रिप्ट टेबलावर असलीच पाहिजे. २० जून २०१७ला बीबीसीच्या रात्री दहाच्या बातम्यांच्या वेळी, ऑन-एअर जायच्या अगदी तोंडावर यंत्रणा कोसळली. अँकरला आपण दिसतोय हे कळलंच नाही. तो काही मिनिटं शांत बसून कागदावर टिपणं करत राहिला आणि देश बघत राहिला. मी तो भाग वर्गात दाखवते. मुलं हसतात. मी मात्र त्यांना त्याची बसण्याची पद्धत बघायला सांगते: ना डोळे फिरवले, ना कुणाला हाक मारली, ना नाकाला हात लावला. फ्लोअर मॅनेजर नसलेल्या स्टुडिओत कॅमेरा ऑन-एअर असल्याचं सांगणाऱ्या लाल दिव्यावर विश्वास ठेवू नका. खुर्चीत बसलात म्हणजे दिसताय असंच समजा. इअरपीसमध्ये आवाज आला नाही तर टॉकबॅकवर, म्हणजे कंट्रोल रूमशी बोलायच्या लाइनवर, विचारा, हातवारे नकोत.

ब्रेकिंग आलं की काय करायचं, हे बुलेटिनच्या आधीच ठरवा. आपल्याकडे ब्रेकिंग म्हणजे अपवाद नाही, रोजचा भातच आहे. रनडाऊनच्या बाहेर थेट घेता येतील असे तुकडे वेगळे तयार ठेवा: अँकरचा साधा क्लोज, टू-विंडो म्हणजे शेजारी शेजारी दोन चौकटी, फोनवरून बोलणाऱ्यासाठी फोनोची पाटी, रिकामी ब्रेकिंग पट्टी. एका बटणावर एक. ऑपरेटरला त्यांच्या जागा डोळे मिटून माहीत हव्यात. बातमी आली की घाईघाईने रनडाऊनमध्ये नवी ओळ घुसवत बसू नका. घुसवाल, पण ती प्रिव्ह्यूला येईपर्यंत दुसऱ्या चॅनलने ती फोडलेली असेल. या बटणांवर जा, अँकरला बोलू द्या, आणि प्रोड्यूसरने त्या वेळात खालच्या कुठल्या स्टोऱ्या सोडायच्या ते ठरवून त्या फ्लोट कराव्यात, अर्थात रनडाऊनमध्ये ठेवूनच वेळेच्या हिशोबातून बाहेर काढाव्यात, म्हणजे उरलेल्या वेळाचा आकडा खरा राहतो.

या बटणांवर हाताने चालवलेल्या ब्रेकिंगवरून पुन्हा ऑटोमेशनवर परतताना बहुतेक जण घसरतात. ते सरळ अँकरच्या पुढच्या लिंकवर, म्हणजे पुढच्या बातमीच्या निवेदनावर, येतात, आणि मधल्या काळात हलवलेले कॅमेरे, उघडे राहिलेले माइक, अडकलेली पट्टी सगळं एकदमच दिसतं. परत यायचं ते पॅकेजवर. दीड-दोन मिनिटांचं कुठलंही चालेल, बातमी थोडी शिळी असली तरी. ते चालू असताना पट्टी उतरवा, माइक बघा, पुढची ओळ प्रिव्ह्यूला घ्या, कॅमेरा आपल्या शॉटवर पोचला का ते डोळ्यांनी पाहा, आणि अँकरला इअरपीसमध्ये सांगा की पुढची लिंक कॅमेरा एकवर आहे.